परतीचा वारा

भूमध्य समुद्र अटलांटिक महासागराला मिळतो तो जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून. ती जिथे सर्वांत अरुंद आहे तिथे तिची रुंदी जेमतेम 14 किलोमीटर आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या आरंभीच फिनिशियन व्यापारी ही सामुद्रधुनी ओलांडून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यावर, आजच्या कादिझ येथे, वसले होते. पुढे रोमन अमलात लिस्बनही नांदते बंदर होते. तरीही या महासागरावरून दूरदेशी नियमित ये-जा सुरू व्हायला पंधरावे शतक उजाडावे लागले. किनारा तोच आणि महासागरही तोच असताना मधली दोन हजार वर्षे का जावी लागली? नुसत्या धाडसाने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण धाडसी माणसे फिनिशियनांतही होती आणि रोमनांतही. खरी अडचण परत येण्याची होती.

भूमध्य समुद्रात ही अडचण फारशी जाणवत नसे. चहूबाजूंनी जमीन, मध्ये बेटांची रांग, भरती-ओहोटी नाममात्र. वारा पडला तर वल्ही मारून जवळचे बंदर गाठता येई. हिवाळ्यात वादळे वाढली की जहाजे बंदरातच थांबत आणि वसंतात पुन्हा निघत. ग्रीक व रोमन नौकानयन या समुद्रात वाढले आणि त्याच्याच मापाचे झाले.

प्राचीनांनी हा परीघ ओलांडलाच नाही, असे मात्र नाही. इजिप्तचा राजा दुसरा नेको याच्या आज्ञेने फिनिशियन खलाशी तांबड्या समुद्रातून निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून तिसऱ्या वर्षी परतले, असे हेरोडोटसने नोंदवले आहे. दक्षिणेकडून पश्चिमेला जाताना सूर्य उजव्या हाताला दिसला, ही त्यांची गोष्ट मात्र त्याला पटली नाही. विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला पश्चिमेकडे तोंड केले की दुपारचा सूर्य उत्तरेला, म्हणजे उजवीकडेच असतो. हेरोडोटसला जे अशक्य वाटले, तोच आज त्या हकिकतीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. पण त्या सफरीतून मार्ग तयार झाला नाही. एकदा जाऊन येणे आणि दर वर्षी जाता-येता येणे यांत फार अंतर आहे.

हिंदी महासागरात ते अंतर निसर्गानेच मिटवले होते. उन्हाळ्यात नैऋत्येकडून आणि हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणारे मोसमी वारे एकाच वाटेने नेतात आणि परत आणतात. रोमन काळात जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघालेली जहाजे पश्चिम भारताचा माल भरून डिसेंबर-जानेवारीत माघारी फिरत. मायोस हॉर्मोस या तांबड्या समुद्रावरील बंदरातून वर्षाला 120 जहाजे भारताकडे निघतात, असे स्ट्रॅबो लिहितो. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच, सोपारा, कल्याण आणि चौल यांचे उल्लेख आहेत. कल्याणला शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, हेही तीत सांगितले आहे. युरोप आणि कोकण यांचा समुद्रमार्गे संबंध वास्को द गामाच्या चौदा शतके आधीपासून होता.

अटलांटिकच्या वाऱ्यांचे गणित वेगळे होते. मोरोक्कोच्या दक्षिणेला, सहारा वाळवंटाच्या किनाऱ्यालगत, ईशान्येचे व्यापारी वारे आणि समुद्रप्रवाह जवळजवळ वर्षभर दक्षिणेकडेच ओढतात. जाणे सोपे, पण परतताना तोंडावर वारा, उलटा प्रवाह आणि एका बाजूला पाण्यावाचूनचा ओसाड किनारा. याच किनाऱ्यावरच्या बोजादोर भूशिराविषयी दहशत होती ती याचमुळे. तिला अंधश्रद्धा म्हणणे त्या खलाशांवर अन्याय करणारे आहे. 1434 मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी जिल यानिश हे भूशीर ओलांडून परत आला. पलीकडे माणसांची खूण दिसली नाही, म्हणून तो तिथली काही रानझाडे पुरावा म्हणून घेऊन आला.

परतीची युक्ती पोर्तुगीजांना याच दशकांत उमगली. घरी जाण्यासाठी किनारा सोडायचा, वायव्येकडे खोल समुद्रात शिरायचे, असोरस बेटांच्या अक्षांशापर्यंत चढायचे आणि तिथल्या पश्चिमी वाऱ्यांवर लिस्बन गाठायचे. घराकडे पाठ फिरवून घरी पोहोचायचे, हे मानायला फार मोठा विश्वास लागला असणार. समोरच्या वाऱ्याशी बराच लहान कोन ठेवून चालणारी त्रिकोणी शिडांची कॅरव्हेल या कामी आली. मदेरा आणि असोरस येथील वसाहतींमुळे वाटेत विसाव्याची ठिकाणेही मिळाली.

1453 मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले, खुष्कीचे मार्ग बंद झाले आणि म्हणून युरोपीय समुद्रावर उतरले, हे विधान शाळेपासून ऐकवले जाते. कालक्रम त्याच्या विरुद्ध आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सेउटा 1415 मध्येच जिंकले होते आणि बोजादोरही कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या 19 वर्षे आधी मागे पडले होते. 1453 नंतरही व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियाहून मिरी आणतच होते. पोर्तुगालला ओढ होती ती आफ्रिकेच्या सोन्याची, गुलामांच्या व्यापाराची आणि व्हेनिसला बाजूला सारून मसाल्यापर्यंत पोहोचण्याची. गुलामांचा व्यापार या इतिहासात आनुषंगिक म्हणून सांगितला जातो, पण सुरुवातीच्या सफरींचा खर्च काही अंशी त्यातूनच भागत होता.

कोलंबसनेही परतीच्या वाऱ्यांचे हेच ज्ञान वापरले. 1492 मध्ये कॅनरी बेटांपर्यंत उतरून त्याने व्यापारी वारे धरले, तर परतताना तो उत्तरेला चढून पश्चिमी वाऱ्यांवर आला. पृथ्वीच्या आकारमानाविषयी त्याचा हिशेब साफ चुकला होता, वाऱ्यांविषयीचा चुकला नाही. पॅसिफिकमध्ये हीच परतवाट सापडायला 1565 उजाडले. त्या वर्षी स्पॅनिश नाविक उर्दानेता फिलिपिन्सहून उत्तरेकडच्या मार्गाने मेक्सिकोला पोहोचला आणि त्यानंतर मनिलाचा व्यापार उभा राहिला.

वास्को द गामाच्या सफरीत दोन्ही महासागर शेजारी-शेजारी दिसतात. जुलै 1497 मध्ये लिस्बनहून निघाल्यावर दक्षिण अटलांटिकमध्ये त्याने किनारा सोडून पश्चिमेकडून प्रचंड वळसा घेतला आणि जमीन न दिसता सुमारे तीन महिने काढले. ही पोर्तुगीज विद्येची कमाई होती. हिंदी महासागरात मात्र तो नवखा होता. मालिंदीला त्याला स्थानिक वाटाड्या मिळाला. 24 एप्रिल 1498 रोजी निघालेली जहाजे नैऋत्य वाऱ्यावर 20 मे रोजी कालिकतपाशी नांगर टाकून होती. परतताना वाटाड्या नव्हता आणि ऋतूची वाट पाहण्याचे भानही नव्हते. ऑगस्टअखेर कालिकत सोडून तो किनाऱ्याने वर आला, कारवारजवळच्या, आज गोव्यात मोडणाऱ्या अंजदीव बेटावर त्याने जहाजाची डागडुजी केली आणि 5 ऑक्टोबरला पश्चिमेकडे निघाला. ईशान्य वारे तेव्हा स्थिरावले नव्हते. आफ्रिकेचा किनारा दिसायला 2 जानेवारी 1499 उजाडला. जो समुद्र जाताना 26 दिवसांत पार झाला, त्यालाच येताना तीन महिने लागले. स्कर्व्हीने हिरड्या सुजून दात झाकले गेले, पाय सुजले. या एका टप्प्यात सुमारे 30 माणसे मेली. उरलेल्यांना तिन्ही जहाजे चालवता येईनात, म्हणून ‘साओ राफाएल’ मोम्बासाच्या दक्षिणेला जाळून टाकावे लागले. निघालेल्या माणसांपैकी निम्मीसुद्धा घरी परतली नाहीत. किनाऱ्यावरचा कोणताही तांडेल त्याला महिना-दोन महिने थांबायला सांगू शकला असता. पण कालिकतच्या राजाशी बिनसल्यावर असा सल्ला देणारे त्याच्या जवळ कोणी उरले नव्हते.

पोर्तुगीज हा धडा लवकर शिकले. 1510 मध्ये आफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतल्यावर लिस्बन-गोवा वाहतुकीचे वेळापत्रक बसत गेले. मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडून सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला पोहोचायचे आणि डिसेंबर-जानेवारीत गोवा किंवा कोचीहून परत निघायचे. पावसाळ्यात मांडवीचे मुख गाळाने आणि लाटांनी अडत असे, त्यामुळे तेवढे महिने बंदर बंदच राही. या वेळापत्रकातला अटलांटिकचा अर्धा भाग युरोपीयांनी स्वतः शोधला होता. हिंदी महासागराचा अर्धा भाग गुजराती, अरब, मलबारी आणि कोकणी दर्यावर्दींच्या पिढ्यांनी आधीच वापरात आणलेला होता. वाफेची जहाजे येईपर्यंत शिडाच्या प्रत्येक जहाजाला, मग ते कोणत्याही राजाचे असो, याच महिन्यांचा हिशेब पाळावा लागला.