हत्यार की दागिना?



जुन्या वस्तू जमविण्याचा नाद तसा निरुपद्रवी. कोणी टपालाची तिकिटे जमवितो, कोणी नाणी. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले खंजीर जमविणारेही जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांत नाझी खंजिरांना मोठी किंमत येते. असा खंजीर यहुदी माणसाने घरात ठेवावा काय? आमच्या मंडळींत हा विषय निघाला तेव्हा एकमत झाले नाही. काही म्हणाले, फेकून द्यावा. काही म्हणाले, इतिहास फेकून कसा चालेल?

प्रथम वस्तू काय ते पाहू. चाकू-सुऱ्यांसाठी शेकडो वर्षे प्रसिद्ध असलेल्या जर्मनीतील झोलिंगेन गावी हे खंजीर घडविले गेले. १९३३ साली नाझी पक्षाच्या एस.ए. व एस.एस. या दलांना ते मिळाले. एस.ए.ची मूठ तपकिरी, एस.एस.ची काळी. एस.एस.च्या पात्यावर कोरलेले असे की, माझा मान म्हणजे निष्ठा. १९३४ साली एस.ए.चा प्रमुख अर्न्स्ट रोम याने आपल्या नावाची स्नेहाची ओळ कोरलेले हजारो खंजीर वाटले. त्याच वर्षी ३० जूनला हिटलरने त्याच्यावर व त्याच्या साथीदारांवर घाला घातला आणि दुसऱ्या दिवशी रोमला गोळी घालण्यात आली. मग हुकूम सुटला की पात्यावरचे नाव घासून टाका. बहुतेकांनी घासले. ज्या थोड्या पात्यांवर ते राहिले, ती आज दुर्मिळ, म्हणून महाग. एका खुन्याने दुसऱ्याचे नाव पुसले, आणि पुसायचे राहिले त्याला बाजारात भाव आला!

संग्राहक म्हणतात, हे खंजीर लढाईचे नव्हतेच, गणवेशावर मिरवायचे होते. त्यांनी कोणाला मारले? हे बव्हंशी खरे आहे. पण आम्हांस तेच अधिक जड वाटते. मृत्युछावण्या चालविणाऱ्या दलाला हा दागिना मानाचा म्हणून दिला होता. हत्येला मान चिकटविला की माणसाचा हात कचरत नाही.

आमच्या हाखामांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. शब्बाथला तलवार किंवा धनुष्य घेऊन बाहेर पडावे काय, याची चर्चा मिश्नात आहे. रब्बी एलिएझर म्हणाले, हे तर पुरुषाचे दागिने. बाकीचे हाखाम म्हणाले, छे, ही त्याची लाज आहे. आणि त्यांनी यशया संदेष्ट्याच्या त्या दिवसाची आठवण दिली, जेव्हा तलवारींचे नांगराचे फाळ होतील.

मग शत्रूचे हत्यार ठेवूच नये काय? दावीदाने गल्याथाला मारले, त्याची तलवार पुढे नोब येथे याजकांकडे होती. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात ती कशी ठेवली होती तेही सांगितले आहे: एफोदाच्या मागे, कापडात गुंडाळून. पवित्र जागी तिला थारा मिळाला, पण भिंतीवर टांगून कोणी तिची शोभा केली नाही. अमालेकाबद्दलही तोरा दोन गोष्टी एकदमच सांगते. त्याची आठवण पुसून टाका, आणि विसरू नका. शब्बाथ झाखोरला आपण हे दरवर्षी ऐकतो.

आपल्या बेने इस्राएलांत पलटणीत चाकरी केलेले पुष्कळ झाले. कित्येक घरांत आजोबांची पदके किंवा तलवार ट्रंकेत जपून ठेवलेली आहे. ती आजोबांची आठवण, म्हणून तिला मोल नाही. तसाच एखाद्याच्या वडिलांनी १९४५ साली युद्धातून नाझी खंजीर आणला असेल, तर त्याने तो कापडात गुंडाळून ठेवावा, मुलांना त्याची हकीकत सांगावी, नाहीतर याद वाशेमसारख्या संस्थेला तो हवा का ते विचारावे. पण पैसे मोजून तो विकत घेणे आम्हांस पटत नाही. रोमचे नाव शाबूत आहे म्हणून आपण चार पैसे जास्त दिले, तर त्या नावाला मान आपणच दिला असे होईल. ज्या लक्षावधी यहुद्यांची नावे या लोकांनी पुसली, त्यांची आठवण ठेवायला खंजीर लागत नाही. कद्दीश म्हणताना त्यांचे नाव घेणारा एक माणूस पुरे.