दोन घरांचा पाहुणा

एखादी जबाबदारी दोघांत वाटली, तर ती प्रत्येकाच्या वाट्याला अर्धीच येते का? जमिनीचे तसे होते, पैशाचेही होते. परंतु जिवंत जिवाच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. तो कसा चुकतो, हे अमेरिका खंडातील एका लहानशा पक्ष्याकडे पाहिले की समजते.

या पक्ष्याचे नाव वुड थ्रश. आपल्याकडे ज्यांना कस्तुर म्हणतात त्यांच्याच कुळातला. वजन जेमतेम 50 ग्रॅम, पाठ दालचिनीच्या रंगाची आणि पांढऱ्या छातीवर काळे ठिपके. कंठाच्या दोन्ही बाजू वापरून तो एकाच वेळी दोन सूर काढतो, म्हणून त्याचे गाणे बासरीसारखे गोड लागते. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन शहराचा तो अधिकृत पक्षी आहे.

उन्हाळ्यात तो अमेरिकेचा पूर्व भाग आणि कॅनडाचा आग्नेय भाग येथील पानझडी जंगलात राहतो. जमिनीवरचा पालापाचोळा उलटून किडे व गोगलगायी शोधतो, झाडावर घरटे बांधून पिल्ले वाढवतो. थंडी जवळ आली की रात्री उडत तो दक्षिणेकडे निघतो आणि दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातील सदाहरित जंगलात हिवाळा काढतो. पेन्सिल्व्हेनियातील काही पक्ष्यांच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी लहानशी उपकरणे बसवली होती. 2009 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परत सापडलेल्या पक्ष्यांनी हिवाळा होंडुरास आणि निकाराग्वा या भागात काढला होता. तेथेही हा पक्षी आपला ठराविक तुकडा राखतो आणि पुष्कळदा पुढच्या वर्षी त्याच तुकड्यात परततो.

मात्र 1966 पासूनच्या मोजणीनुसार या पक्ष्यांची संख्या सुमारे निम्म्यावर आली आहे. उत्तरेत जंगलांचे लहान लहान तुकडे झाले. अशा तुकड्यांत काऊबर्ड नावाचा पक्षी आपल्या कोकिळेप्रमाणे त्याच्या घरट्यात अंडी घालून जातो. आम्लयुक्त पावसाने मातीतला चुना कमी होतो, गोगलगायी घटतात, आणि अंड्याच्या कवचाला लागणारे कॅल्शियम मिळेनासे होते. दक्षिणेत गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडले गेले.

स्थलांतरी पक्ष्यांसाठी देशांनी करार केले नाहीत असे नाही. 1916 साली अमेरिकेने कॅनडासाठी ब्रिटनशी आणि 1936 साली मेक्सिकोशी करार केला. त्याने बंदूक आवरली, पण कुऱ्हाड थांबली नाही.

आता प्रश्न असा की, या पक्ष्याला जगवायचे कोणी? उत्तरेकडचा म्हणेल, मी माझे जंगल राखले, माझे काम झाले. दक्षिणेकडचाही तसेच म्हणू शकेल. पण पक्ष्याला अर्धे वर्ष जगून चालत नाही. एका घरचे दार बंद झाले, तर दुसऱ्या घरी केलेले सारे वाया जाते.

मग कोणी विचारील, "समोरचा राखत नसेल, तर मी तरी का राखावे?" हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण तो दोघांनीही विचारला तर काय होईल? दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील आणि मधल्या मध्ये जीव जाईल. समोरचा चुकला म्हणून माझे कर्तव्य संपत नाही. उलट, मी चुकलो तर प्रामाणिकपणे राखणाऱ्याचे कष्टही मी मातीत घालतो.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जबाबदारी दोघांची असली तरी भार सारखा नसतो. पोटासाठी जंगल साफ करणाऱ्या होंडुरासच्या गरीब शेतकऱ्याला दूर बसून दोष देणे सोपे आहे. तेथे मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफी पिकवली जाते. अशा मळ्यांत स्थलांतरी पक्ष्यांना थोडाफार आसरा मिळतो, पण पीक कमी येते. ती कॉफी चार पैसे जास्त देऊन घेणारा उत्तरेतला माणूस त्या शेतकऱ्याचा भार थोडा हलका करतो. कुंपणापलीकडच्या माणसाला हात देणे हेही आपल्याच वाट्याचे काम असते.

आपल्या घरांतही असे पाहुणे असतात. म्हातारी आई सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे राहते. "माझे सहा महिने मी नीट केले," असे म्हणून थोरला मोकळा होतो. पण धाकट्याकडे तिची औषधे वेळेवर मिळतात का, त्याच्या मिळकतीत तिचे भागते का, हे विचारणेही थोरल्याचेच काम नव्हे काय? आई अर्ध्या वर्षाची नसते. तिचा मुलगा बारा महिन्यांचा असावा लागतो.