हौसेचा गळ आणि अहिंसेचा प्रश्न

माघ सरत आला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या डोंगरी जलाशयांच्या काठावर गळ घेऊन बसलेली मित्रमंडळी दिसू लागतात. कृष्णेवरचे धोम, वेण्णेवरचे कण्हेर आणि त्यांच्यासारखी लहानमोठी धरणे या काळात रब्बीच्या पाण्यासाठी उतरत असतात. काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो, ओढ्यांच्या तोंडाशी पाणी उथळ होते. पहाटेचा गारठा ओसरून ऊन चढले की हे उथळ पाणी आधी तापते आणि मासे तिकडे सरकतात. गळाला बहुधा चिलापी किंवा सायप्रिनस लागतो, कधी रोहू, कधी खडकाच्या कपारीतला मरळ. महसीर, म्हणजे इथल्या बोलीतला खडशी, क्वचितच लागतो. कोयनेचा शिवसागर आणि वारणेवरचा चांदोलीचा जलाशय यांचा मोठा भाग अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. 2010 पासून ही दोन्ही जंगले मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला असून संरक्षित हद्दीत गळ टाकता येत नाही. इतर बहुतेक धरणांतला मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो.

या मासेमारीत पोटाचा प्रश्न नसतो. सुट्टीची सकाळ, चार मित्र, थर्मासमधला चहा, तासन्‌तास पाण्याकडे पाहणे आणि मधूनच दोरा ताणला जाण्याची ती एक थरारक घटका, यासाठी माणसे येतात. धर्मविचाराचा प्रश्न नेमका इथे उभा राहतो. भुकेसाठी केलेल्या हत्येबद्दल भारतीय परंपरेत शेकडो वर्षे वाद झाले. पण निव्वळ आनंदासाठी जिवाला आकड्यात अडकवणे आणि मग कदाचित सोडूनही देणे, याला हिंसा म्हणायचे का, आणि म्हणायचे तर कोणत्या प्रतीची?

हा प्रश्न विचारायला कृष्णाकाठ योग्य जागा आहे, कारण इथे एकाच नदीवर निरनिराळी उत्तरे शेजारी शेजारी नांदतात. वाईत माघ-फाल्गुनात घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव होतो, तिथे नदी ही आई असते. त्याच नदीत भोई समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकून संसार केले. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मासळी वर्ज्य मानतो. सांगली, मिरज, शिरोळ या पट्ट्यात शेती करणारा मोठा दिगंबर जैन समाज आहे आणि 1899 साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचे मोठे काम सांगलीतून चालते. माळकऱ्याच्या शेजारचे घर रविवारी मासळी करते आणि श्रावणात तेही थांबते.

श्रावणातला हा संयम पूर्वजांनी माशांच्या विणीसाठीच घालून दिला, असे आज हटकून सांगितले जाते. धर्मग्रंथांतली चातुर्मासाची कारणमीमांसा मात्र व्रताची, नियमाची आहे. माशांचे रक्षण हा त्याचा आनुषंगिक लाभ. लाभ खरा आहे, हे मान्य करायला हवे. महसीर, रोहू, कटला हे मासे पावसाळ्यात, ओढे-नद्यांना नवे पाणी आले की अंडी घालतात. त्या दृष्टीने फाल्गुनातला गळ आषाढातल्या गळाहून कमी घातक ठरतो. अमेरिकेतल्या डोंगरी तळ्यांवर याच्या उलट असते. तिथला बास नावाचा मासा वसंताच्या सुरुवातीलाच उथळ पाण्यात घरटे करतो आणि नर त्यावर राखण बसतो. तो गळाला लागून थोडा वेळ जरी दूर झाला, तरी लहान मासे अंडी फस्त करतात. म्हणून उत्तर अमेरिकेच्या काही भागांत त्या दिवसांत बासची मासेमारी बंद ठेवतात.

आपल्याकडे विणीचा काळ वेगळा म्हणून वसंतातला गळ निर्दोष, असा निष्कर्ष मात्र चिलापीपाशी अडतो. मूळचा आफ्रिकेतला हा मासा भारतात 1952 साली आणला गेला आणि आता जवळपास प्रत्येक धरणात आहे. तो उबदार महिन्यांत पुन्हा पुन्हा वितो आणि मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते. अशी मादी गळाला लागली की आकडा ज्या तोंडात रुततो त्याच तोंडात तिचा वंश असतो. काठावर ओढताना ती तोंड उघडते आणि पिवळसर अंडी ओल्या गाळावर सांडतात. माशाला परत पाण्यात सोडले तरी ती अंडी परत जात नाहीत.

जैन श्रावकाचाराने गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले आहेत. स्वयंपाक, झाडलोट, घरबांधणी यांत होते ती आरंभी हिंसा. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. स्वतःच्या वा आश्रिताच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. आणि मारण्याच्या, दुखावण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी. पहिल्या तिन्ही गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाहीत, त्या कमी करत जायच्या. संकल्पी मात्र त्याने सर्वथा सोडायचीच. सांगलीकडचा जैन शेतकरी नांगर धरतो, उसाला पाणी देतो, त्यात असंख्य जीव मरतात आणि तरीही तो व्रती राहू शकतो, ते या विवेकामुळे. महाभारताच्या वनपर्वात मांस विकून जगणारा मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला याच अंगाने समजावतो: नांगराच्या फाळाखालीही जीव मरतात, हिंसेवाचून कोणाचे जगणे चालत नाही. धर्मव्याधाचा युक्तिवाद सर्वांना एका पातळीवर आणतो, जैन वर्गीकरण त्यांच्यात पायऱ्या पाडते. हौसेच्या गळाचा विचार करायला दुसरे अधिक उपयोगी आहे. भोयाचे जाळे कठोर जैन दृष्टीने संकल्पीच ठरते, पण त्याच्यामागे चूल आहे. हौशी गळामागे ती नाही, म्हणून धर्मव्याधाची ढाल हौशी माणसाला वापरता येत नाही.

‘आम्ही तर मासा सोडून देतो’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. पकडून सोडण्याची ही पद्धत विसाव्या शतकात अमेरिकेतून जगभर गेली आणि भारतात महसीरच्या शौकिनांनी ती मनापासून स्वीकारली. उलटा काटा नसलेला गळ, हात ओले करून मगच माशाला स्पर्श, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो. पाण्याबाहेर शक्य तितका कमी वेळ, आणि सोडताना डोके प्रवाहाकडे धरून मासा स्वतः शेपूट मारेपर्यंत थांबणे. ही काळजी खरी आहे. महसीरची नदी वाचवा म्हणून आधी ओरडणाऱ्यांत हे लोक असतात, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

विशेष म्हणजे पकडून सोडण्याची एक कथा जैन वाङ्मयात हजार वर्षांपूर्वीची आहे. सोमदेवसूरीच्या ‘यशस्तिलकचम्पू’त, म्हणजे 959 साली पूर्ण झालेल्या ग्रंथात, अवंती देशातला मृगसेन हा धीवर यशोधर मुनींकडून एक छोटे व्रत घेतो: जाळ्यात येणारा पहिला मासा मारायचा नाही. पहिला मासा येतो. ओळख राहावी म्हणून तो त्याला चिंधी बांधून सोडतो. पुढच्या खेपेला तोच मासा, पुन्हा तोच, असे पाच वेळा होते आणि दिवस मावळतो. रिकाम्या हाताने आलेल्या नवऱ्याला बायको दार उघडत नाही. तो बाहेरच निजतो आणि सर्पदंशाने मरतो. पुढच्या जन्मी तो पाच वेळा मृत्यूच्या तोंडातून वाचतो.

वरवर पाहता मृगसेन आणि धोमच्या काठावरचा हौशी माणूस एकच काम करतात. फरक असा की मृगसेनाला माशाची गरज होती आणि त्याने गरज असताना सोडला. त्या सोडण्याची किंमत त्याने उपाशी राहून, घराबाहेर राहून मोजली. हौशी माणसाला जे हवे होते ते, म्हणजे दोऱ्यातली झुंज, सोडण्यापूर्वीच मिळालेले असते. त्याच्या सोडण्यात दया असेल, त्याग नाही. पकडणे हाच हेतू असेल तर सोडण्याने संकल्प पुसला जात नाही, त्याचा परिणाम तेवढा सौम्य होतो. स्वित्झर्लंडच्या 2008 च्या प्राणिसंरक्षण नियमांनी हीच रेषा कायद्यात ओढली: सोडण्याच्याच इराद्याने मासे पकडायला तिथे मनाई आहे, खाण्यासाठी पकडायला नाही. मांसाहार वर्ज्य मानणाऱ्या मराठी वाचकाला हे उलटे वाटेल, पण त्यामागचा तर्क जैन तर्काच्या जवळचा आहे.

माशाला वेदना होते का, हा प्रश्न यात ओघाने येतो. 2003 साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर व तोंडाभोवती इजा टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोके असल्याचे दाखवले. ओठात दाहक द्रव टोचल्यावर हे मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासत होते. मेंदूत माणसासारखे बाह्यक नसल्याने माशाला वेदनेची जाणीव नसते, असा जेम्स रोझ यांचा प्रतिवाद आहे. वाद मिटलेला नाही. पण जैन विचाराला तो मिटण्याची वाट पाहावी लागत नाही, कारण त्यात प्रमाद, म्हणजे बेपर्वाई, हीच हिंसेची खूण आहे. समोरच्याला दुखत असेल अशी शंका असताना खेळ चालू ठेवणे हे त्या व्याख्येत बसते.

पकडून सन्मानाने सोडण्याचा याच प्रदेशातला दुसरा दाखला बत्तीस शिराळ्याचा. तिथे नागपंचमीला जिवंत नाग पकडून त्यांची पूजा होई, मिरवणूक निघे आणि मग ते सोडले जात. पकडणाऱ्यांच्या मनात भक्ती होती. तरीही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे उच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. भावना कितीही शुद्ध असली तरी पकडलेल्या जिवाच्या बाजूनेही घटनेकडे पाहावे लागते, हे शिराळ्याने मोठ्या दुःखाने शिकले. हौशी मासेमारांकडे तर भक्तीचेही कारण नाही.

आता मित्रांचा मुद्दा. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, करवलेली आणि संमती दिलेली, अशी हिंसेची तीन रूपे योगसूत्रांत आणि जैन शास्त्रांत सांगितली आहेत. मनुस्मृतीनेही पशुवधाचा दोष मारणाऱ्यापुरता न ठेवता अनुमती देणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा अशा सर्वांवर वाटला आहे. काठावर चौघांत एकाच्याच हातात काठी असते. दुसरा कणकेचा गोळा मळून देतो, तिसरा फोटो काढतो, चौथा मोठा मासा लागला की ओरडून शाबासकी देतो. चौघांची दोस्ती निर्मळ असते, आणि तरी या दृष्टीने चौघेही कर्ते असतात. हीच संगत उलटही चालते. ‘पुरे आता, उन्हं चढली’ असे मित्रच म्हणू शकतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी होतो आणि झुंजीने थकलेला मासा सोडल्यावरही मरतो, म्हणून चैत्रात हे वाक्य वेळेवर म्हणणाऱ्याची गरज अधिक असते.

महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीत आणि इंद्रायणीच्या देहूच्या डोहात मासे देवाचे मानून राखले गेले. तिथे माणसे जातात, खायला टाकतात, पाण्यातली वर्दळ पाहतात आणि परततात. पाण्याकाठच्या सकाळीचा बहुतेक सगळा आनंद गळावाचून मिळतो, हे अशा डोहांवर दिसते.

एक आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. प्रदूषित पाण्याने एका झटक्यात जेवढे मासे गेले तेवढे हौशी गळांना कित्येक वर्षांत लागत नाहीत. मग एका आकड्याचा एवढा विचार कशाला? जैन वर्गीकरणात कारखान्याचे, शेतीचे सांडपाणी उद्योगी हिंसेत येते. पण उद्योगी हिंसा क्षम्य ठरते ती जपून, कमीत कमी करण्याच्या अटीवर. प्रक्रिया न करता पाणी नदीत सोडणारा ती अट मोडतो आणि प्रमादाच्या दोषाला पात्र होतो; त्याचा दोष हौशी माणसाहून कितीतरी मोठा आहे. त्याची झळ कोणाला लागते, हे एका जुन्या कथेतून दिसते. महाभारताच्या अनुशासनपर्वात गंगा-यमुनेच्या पाण्यात बारा वर्षे तप करणारे च्यवन ऋषी माशांबरोबर जाळ्यात येतात आणि इतके दिवस ज्यांच्यासोबत राहिलो त्या माशांना सोडून जाणार नाही, असे सांगतात. राजा नहुष ऋषींची किंमत म्हणून अखेर राज्य देऊ करतो, तीही पुरत नाही. शेवटी गाय हे मोल ठरते. ती गाय कोळ्यांकडून स्वीकारून च्यवन कोळ्यांना आणि माशांना दोघांनाही सद्गती देतात. कोळ्यांना तिथे शाप नाही. पाण्यात राहणाऱ्याचे आणि पाण्यावर पोट भरणाऱ्याचे हित ती कथा एकत्र पाहते. कृष्णेत मासे मेले तेव्हा नुकसान झाले ते याच दोघांचे.