जामठ्याचा सामना, नागपूरचा मुक्काम
वरोरा, जाम, बुटीबोरी मागे पडले की चंद्रपूरकरांना नागपूर शहराच्या आधीच जामठ्याचे स्टेडियम लागते. गडचिरोलीकर मात्र आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत शहराच्या दुसऱ्या अंगाने येतात. घरातली सगळी मंडळी घेऊन सामन्याला निघायचे, तर हिशेब इथूनच सुरू होतो.

23 सप्टेंबर 2022 ची रात्र आठवावी. भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी सामना, पण मैदान ओले. पंच पुन्हा पुन्हा पाहणी करत राहिले आणि खेळ अडीच तास उशिरा सुरू झाला, तोही आठ-आठ षटकांचा. रोहित शर्माने 20 चेंडूंत नाबाद 46 धावा ठोकल्या, लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतले. पण सामना संपला तेव्हा रात्र बरीच झाली होती. अशा वेळी पेंगुळलेली मुले गाडीत घालून ब्रह्मपुरीच्या जंगलातून परतणे नकोच. तिथे रस्त्यावर जनावर कधी आडवे येईल याचा नेम नाही.

म्हणून तिकिटाआधी मुक्काम ठरवावा. आत्या, मावशी नागपुरात असेल तर प्रश्नच मिटला. दुसऱ्या दिवशी मुलांना रमण विज्ञान केंद्र, 1863 साली सुरू झालेले अजब बंगला हे संग्रहालय दाखवता येते.

लहान मुलांसाठी रात्रीच्या टी-ट्वेंटीपेक्षा रणजी सामना बरा. मार्च 2025 मध्ये विदर्भाने केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक जिंकला, तो याच जामठ्यात, दिवसाउजेडी.