अर्जातला पहिला खरा प्रश्न

महाराष्ट्रातला मेकॅनिकलचा विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचतो तो गुणांच्या बळावर. दहावी, बारावी, सीईटी, मग कॅप राउंड. ‘तुला हे का शिकायचंय?’ असं त्याला वाटेत कुणीच विचारत नाही. एम.टेक.साठी गेट दिली तरी तेच. शंभर गुणांच्या त्या पेपरात 15 गुण सामान्य क्षमतेला, 13 गणिताला आणि 72 विषयाला. थर्मल घ्यायचं, डिझाइन की मॅन्युफॅक्चरिंग, हेसुद्धा बहुतेकदा कट-ऑफच ठरवून टाकतो.

परदेशी विद्यापीठात एमएस किंवा पीएच.डी.चा अर्ज भरताना मात्र एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे उद्देशपत्र) लिहावा लागतो. तुला काय शोधायचंय, कशासाठी आणि आमच्याकडेच का, हे दोनेक पानांत सांगायचं. सोळा-सतरा वर्षांच्या शिक्षणात हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच विचारला जातो, आणि नेमकं तेच उत्तर अनेक जण पैसे मोजून कन्सल्टन्सीकडून लिहून घेतात. ‘लहानपणापासून यंत्रांची आवड’ या वाक्याने सुरू होणारे मजकूर मग एकाच साच्यातून निघतात. यात अप्रामाणिकपणा आहेच. पण त्याहून मोठं नुकसान हे, की स्वतःशी विचार करण्याची हाती आलेली संधी वाया जाते.

खरं उत्तर कुठून येतं, त्यासाठी ‘बाहा’ या विद्यार्थ्यांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेतल्या गाडीचंच बघा. कॉलेजची टीम रात्र रात्र जागून गाडी उभी करते आणि चाचणीत सस्पेन्शनची विशबोन तुटते. तडा वेल्डमध्ये नसतो, वेल्डच्या शेजारी असतो. तिथे धातू वितळलेला नसतो, पण उष्णतेने त्याची अंतर्रचना बदललेली असते आणि थंड होताना ताण आत अडकून राहिलेला असतो. बहुतेक टीम नवा भाग बसवून पुढे जातात. जो विद्यार्थी थांबतो, तुटलेला भाग कापून पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आणि वेल्डिंगचा करंट बदलून पुन्हा करून पाहतो, त्याच्याकडे एसओपीत सांगण्यासारखं काहीतरी असतं.

असाच आधी प्रश्नात गुंतलेला माणूस म्हणजे द्रवगतिकीतले शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह. बंगळुरूचे मेकॅनिकलचे पदवीधर, 1953 सालचे. भारतीय विज्ञान संस्थेत सतीश धवन यांच्या हाताखाली ते एका प्रश्नात गुंतले: पृष्ठभागालगतचा सुरळीत प्रवाह संक्षुब्ध होतो तो नेमका कसा? दोघांचा त्यावरचा शोधनिबंध 1958 मध्ये ‘जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स’मध्ये आला. कॅलटेकची पीएच.डी. त्यांना मिळाली 1961 मध्ये. म्हणजे पीएच.डी.च्या आधी प्रश्न होता.

असा स्वतःचा प्रश्न अर्ज वाचणाऱ्यालाही हवा असतो. अमेरिकेत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला सहसा फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं. हा पैसा बऱ्याचदा प्राध्यापकाच्या संशोधन अनुदानातून येतो. पुढची पाच-सहा वर्षं प्रयोगशाळेत कुणासोबत काढायची, हे तो त्या दोन पानांवरून जोखत असतो. एमएसचा खर्च बहुधा घरून किंवा कर्जातून होतो. तिथे तर कर्जावर सही करण्यापूर्वी ‘हे का शिकायचंय?’ हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःलाच विचारायला हवा.

साचेबंद अर्जांचा दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. अर्जासोबत लागणाऱ्या शिफारसपत्राचा मसुदा विद्यार्थ्यानेच लिहून आणायचा आणि सरांनी लेटरहेडवर सही करायची, ही रीत आपल्या अनेक कॉलेजांत रुळली आहे. ज्या शिक्षकाने त्या मुलाला वर्कशॉपमध्ये अडखळताना, पुन्हा करून पाहताना बघितलंय, त्याची चार वाक्यं त्या मसुद्यापेक्षा कितीतरी वजनदार ठरतील. मेकॅनिकलच्या शिक्षकांना एवढीच विनंती: अर्ज डिसेंबरमध्ये जातात, तिसऱ्या वर्षापासूनच आपल्या विद्यार्थ्यांचं काम बघा आणि ते पत्र स्वतः लिहा.