अटक, कटक आणि बारगीर

सरकारी कामासाठी करावयाच्या प्रवासाला आपण फिरती म्हणतो. यात्रेकरू श्रद्धेने जातो, प्रवासी हौसेने जातो. फिरतीवरचा माणूस हुकुमाने जातो. ते गाव त्याने निवडलेले नसते आणि गावानेही त्याला बोलाविलेले नसते. काम दुपारपर्यंत आटोपते, परतीची गाडी रात्री असते, आणि मधले सहा-सात तास कोणत्याही खात्याच्या हिशेबात बसत नाहीत. त्या बिनहिशेबी तासांत परक्या शहराकडे कोणत्या नात्याने पाहावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. परंतु ज्यांचे अर्धे आयुष्य बदल्यांमध्ये जाते, त्या आपल्यासारख्यांना तो सहसा टाळता येणार नाही.

पाहण्याच्या दोन रीती आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. पहिली गिऱ्हाइकाची. येथे काय स्वस्त मिळते, काय खाण्यासारखे आहे, घरी काय न्यावे, एवढीच तिची चौकशी. दुसरी रीत मालकाची. येथे आपले काय आहे, हे ती शोधते. परप्रांतात उतरलेला मराठी माणूस प्रथम मराठी पाटी शोधतो, मग मराठी मंडळ, मग मराठ्यांचा इतिहास. पहिली रीत निदान निरुपद्रवी आहे. दुसरीविषयी मात्र अधिक विचार करावयास हवा.

माझ्यापुरता हा विचार कटकला उभा राहिला. कलकत्त्याच्या कचेरीतून एका दाव्यातील प्रतिज्ञापत्र सरकारी वकिलांच्या स्वाधीन करण्यासाठी मला तेथे पाठविले होते. ओडिशाची राजधानी भुवनेश्वरला गेली, तरी १९४८ मध्ये स्थापन झालेले उच्च न्यायालय कटकलाच राहिले आहे. मराठी माणसाला कटक हे नाव शाळेपासून ठाऊक असते. परंतु शहर म्हणून नव्हे, यमक म्हणून. अटकेपासून कटकेपर्यंत, असे आपण म्हणतो, आणि त्या दोन शब्दांच्या मध्ये सारा हिंदुस्थान निमूटपणे पडून राहतो. आपल्या जुन्या भाषेत कटक म्हणजे सैन्य. त्यामुळे त्या नावातूनही आपल्याला घोड्यांच्या टापाच ऐकू येतात. तेथे माणसे राहत असतील, त्यांनाही आपल्याविषयी काही आठवत असेल, हे त्या यमकात कोठेच नसते.

वकिलांच्या कचेरीतील वृद्ध कारकुनांनी माझे गाव विचारले. महाराष्ट्र म्हणताच ते हसून म्हणाले, “म्हणजे बर्गी!” आणि त्यांनी चहा मागविला. त्यांच्या हसण्यात कडवटपणा मुळीच नव्हता. परंतु हा शब्द काही थट्टेसाठी जन्मलेला नाही. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या १७४१ पासून दहा वर्षे बंगाल-ओडिशावर होत राहिल्या. त्यांच्या धास्तीने कलकत्त्याभोवती खंदक खणावा लागला, आणि बंगाली आया आजही ज्या अंगाईने मुलांना निजवितात तिच्यात बर्गी येतात. भास्करपंत कोल्हटकरांना १७४४ मध्ये तहाच्या मिषाने बोलावून दगाफटक्याने मारले गेले, हेही खरे आहे. परंतु त्या दग्यामुळे जळालेल्या खेड्यांतील शेतकरी अपराधी ठरत नाही. पुढे १७५१ च्या तहाने ओडिशा भोसल्यांकडे आला, बंगालची बारा लाखांची चौथ ठरली, आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी बाराबाटीचा किल्ला घेईपर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, तो अंमल टिकला.

येथे प्रश्न नीतीचा होतो. अटकेचे नाव निघाले की आपली छाती फुगते. मग बर्गी या शब्दाने ती आत गेली पाहिजे की नाही? कोणी म्हणेल, पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या स्वारांचा दोष आजच्या कारकुनाने का घ्यावा? म्हणणे रास्त आहे. दोष कर्त्याबरोबर संपतो. परंतु मग श्रेयही कर्त्याबरोबरच संपावयास हवे. कायद्याने वारसाला मिळकत घेता येते, तर त्या मिळकतीपुरते कर्जही फेडावे लागते. मिळकत माझी आणि कर्ज मृताचे, असे सांगणारा वारस कोणत्याही न्यायालयात टिकत नाही. अभिमानाच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच सांगत आलो आहोत.

दोन्ही नाकारावे, हा मार्ग तर्काला सोयीचा आहे. पण तो मला पुरेसा वाटत नाही. ज्याला पूर्वजांशी काहीच देणेघेणे नाही, तो परक्या शहरात केवळ गिऱ्हाईक म्हणून उरतो. पूर्वजांची कृत्ये आपली नसली, तरी त्यांची आठवण आपल्या स्वाधीन आहे, आणि ती पुरती ठेवणे एवढे आपल्याकडून होऊ शकते. पुरती म्हणजे विजेत्याच्या बखरीसोबत ज्याच्या दारात तो विजय आला त्याचेही म्हणणे ऐकून ठेवलेली.

ते ऐकावयाचे तर शहर त्याच्या स्वतःच्या मापाने पाहिले पाहिजे. बाराबाटीचा खंदक आणि एक कमानीचा दरवाजा आज उरला आहे; आत मातीचा उंचवटा आणि काही पडीक बांधकाम. मालकाच्या नजरेला तेथे पाहण्यासारखे फारसे नाही. पण कटकचा खरा पराक्रम काठजोडी नदीच्या काठी आहे. एका अंगाला महानदी, दुसऱ्या अंगाला काठजोडी, आणि मध्ये हे शहर. पुराला अडवून धरणारा काठजोडीचा दगडी तट केसरी राजांच्या काळचा मानतात. पिढ्यान्‌पिढ्या दर पावसाळ्यात पाण्याशी झुंजलेल्या या शहराच्या आयुष्यात आपली बावन्न वर्षे ही एक नोंद आहे. बावन्न बाजार आणि त्रेपन्न गल्ल्यांचे गाव अशी त्याची ख्याती आहे. त्या गल्ल्यांत रुप्याची केसासारखी बारीक तार वळून तारकसीचे दागिने घडविणारे कारागीर बसतात. ओडिया बाजारात सुभाषबाबूंचे जन्मघर आहे.

आणि ज्याला आपले म्हणून काही शोधावयाचेच असेल, त्याला ते येथेही सापडते. फक्त निराळ्या ठिकाणी. आमची भाषा स्वतंत्र आहे, हे ओडिया लोकांना एकोणिसाव्या शतकात शेजाऱ्यांना पटवून द्यावे लागले. मधुसूदन दासांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये याच कटकला उत्कल संमेलन भरले, आणि १ एप्रिल १९३६ रोजी भाषेच्या पायावर ओडिशा प्रांत झाला. मराठी भाषिकांना आपले राज्य मिळावयास त्यानंतर चोवीस वर्षे लागली आणि त्यासाठी रक्त सांडावे लागले. भाषेसाठी झगडलेल्या दोन समाजांचे हे नाते किल्ल्यावरच्या निशाणापेक्षा खात्रीने अधिक जवळचे आहे. त्यात जिंकणारा कोणी नाही, म्हणूनच कदाचित ते आपल्या वाक्प्रचारांत आले नसावे.

बर्गी हा मूळचा आपलाच शब्द, बारगीर. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला तो सरकारातून मिळे तो बारगीर. या व्याख्येने पाहिले, तर सरकारी भाड्याने परमुलखात येणारे आपण सारे बारगीरच आहोत. आपली खुर्ची, आपला शिक्का, चाळीतील सरकारी बिऱ्हाड, सारे मुदतीने मिळालेले. तीन वर्षांची नेमणूक ही देखील एक लांबलेली फिरतीच असते. तीत शेजाऱ्याची भाषा चार शब्दांपलीकडे न शिकता, त्याच्या सणांना सुट्टीच्या यादीपलीकडे न ओळखता, केवळ गणेशोत्सवाच्या वर्गणीपुरते एकत्र येऊन परत जाता येते. पुष्कळजण जातात. त्यांच्यावर कोणताही नियम भंगल्याचा ठपका येत नाही.

त्या वृद्ध कारकुनांनी बर्गी म्हणून हाक मारलेल्या माणसाला चहा पाजला. पाहुण्याला एवढे पुरते; परंतु पाहुणचार स्वीकारला की यजमानाची चौकशी करणे ओघानेच येते, आणि ती यजमानाच्या सुखदुःखाची असावी लागते. आपण कोठे कोठे राहिलो, हे आपल्या सेवापुस्तकात तारखेनिशी लिहिलेले असते. तेथे आपण कोणत्या नात्याने राहिलो याची नोंद ज्या लोकांत राहिलो त्यांच्या आठवणीत होते, आणि ती आपल्याला पाहावयास मिळत नाही.