झिजलेली गाडी, शिळी गाडी

दसरा-दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर एक तक्ता ठरलेला असतो. डाव्या रकान्यात 'विकत', उजव्या रकान्यात 'लीज', खाली बेरीज आणि बेरजेखाली निकाल. पूर्वी तक्त्याच्या डोक्यावर पेट्रोलची गाडी असे, आता बारा-पंधरा लाखांची इलेक्ट्रिक एसयूव्ही असते. एवढा बदल सोडला तर तक्ता तोच: डाउन पेमेंट, हप्ता, विमा, सर्व्हिसिंग आणि पाच वर्षांनी येणारी विक्रीची किंमत. ही शेवटची ओळ सगळ्यांत बारीक टायपात असते आणि तिच्यातला आकडा पंचांग बघून काढल्यासारखा ठाम असतो. माझं भांडण त्या ओळीशी आहे.

भांडण घरात आलं ते भाच्यामुळे. तो हिंजवडीत नोकरी करतो. त्याच्या कंपनीने पगारातून लीजवर गाडी घेण्याची सोय केली आहे. गाडी लीज कंपनीच्या मालकीची, भाडं कर कापण्याआधीच पगारातून वळतं, विमा-सर्व्हिसिंग-टायर भाड्यातच, वर्षाला १५,००० किलोमीटरची मर्यादा, अठ्ठेचाळीस महिन्यांनी गाडी परत. मधेच नोकरी सोडली तर उरलेला हिशेब एकरकमी. "मामा, तू तेवढं वाचून बघ," म्हणून कराराचे कागद टेबलावर ठेवून तो गेला. मी वाचले. गाडी परत करताना चालेल अशी 'रास्त झीज' कोणती, यावर दीड पान होतं. दाराला केवढा पोचा चालेल, ओरखड्यातून पत्रा दिसतो का, सीटवरचे डाग, चार्जिंगची केबल हरवली तर किती. ते दीड पान मी दोनदा वाचलं. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, पण काय ते सापडेना.

या विषयावर बोलणाऱ्यांचे तीन पंथ आहेत. रोख पैसे साठल्याशिवाय सायकलही घेऊ नये म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ते गाडी घेणारच नाहीत. इलेक्ट्रिक गाडी घेऊन आपण पृथ्वीवर उपकार करतो असं मानणाऱ्यांनी एकदा कोराडीच्या किंवा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या बघून याव्यात. उरतात वापरवादी, आणि सध्या चलती त्यांचीच आहे.

वापरवाद्यांचं म्हणणं असं: मालकी ही आपल्या आईवडिलांच्या पिढीची हौस होती, आता वस्तू वापरायच्या, बाळगायच्या नाहीत. जेरेमी रिफकिन या अमेरिकन लेखकाने २००० साली 'द एज ऑफ अ‍ॅक्सेस' या पुस्तकात मालकीकडून वापराकडे जाणाऱ्या जगाचं चित्र काढलं, त्याची पाचवी-सहावी झेरॉक्स आता पुण्या-मुंबईच्या परिसंवादांत वाटली जाते. तिच्यावर मी जरा जास्तच वेळ घालवणार आहे, कारण भाचा तिच्याच भाषेत बोलत होता.

त्यांचा पहिला मुद्दा: गाडी दिवसाचे बावीस तास उभी असते, मग मालकी कशाला? मुद्दा बिनतोड आहे, पण तो पीएमपीच्या बसचा आहे, रिक्षाचा आहे, फार तर मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीचा. लीजवरची गाडी भाच्याच्याच पार्किंगमध्ये, त्याच खांबाला लागून, तेवढेच तास उभी राहणार. ती उभी असताना शेजाऱ्याला वापरता येत नाही. करारात तशी परवानगीच नाही. वाटून वापरण्याचं पुण्य एकट्याच्या गाडीला लावायचं ही हातचलाखी झाली.

दुसरा मुद्दा: लीजमुळे माणूस जबाबदारीतून सुटतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मालक' शब्दाची व्याख्या आहे, कलम २(३०). हायर-परचेस, भाडेपट्टा किंवा तारण यांच्या करारावरची गाडी असेल तर करारानुसार ती ज्याच्या ताब्यात आहे तोच मालक, असं तिथे लिहिलेलं आहे. म्हणजे गाडी तुमची नाही, पण अपघाताचा दावा उभा राहिला की कायदा मालक म्हणून बोट दाखवतो ते तुमच्याकडे. मालकीतलं ओझं ठेवून घेऊन बाकीचं परत करायचं, याला सुटका कोण म्हणेल?

तिसऱ्या मुद्द्यासाठी थोडं मागं जावं लागेल. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये 'ईव्ही-वन' नावाची विजेची गाडी रस्त्यावर आणली ती फक्त लीजवर. विकत मिळतच नव्हती. अकराशेच्या वर गाड्या झाल्या, लोक त्यांच्या प्रेमात पडले, आणि पुढे कंपनीने कार्यक्रमच गुंडाळला तेव्हा गाड्या परत घेऊन बहुतेक सगळ्या चेचून टाकल्या. वापरणारे पैसे मोजायला तयार होते, गाड्यांसाठी त्यांनी धरणंही धरलं. २००६ मध्ये त्यावर माहितीपट निघाला. गाड्या काही परत आल्या नाहीत. निव्वळ वापराचा अधिकार केवढा असतो, तर समोरच्याची मर्जी असेपर्यंत.

शिवाय मालकीत एक गोष्ट आहे जी तक्त्यात मावत नाही. अडीनडीला वस्तू मोडता येते. सोनं मोडतो तशी गाडी काढता येते. कोणाचं ऑपरेशन, कोणाची फी. चाळीस महिने भाडं भरलेल्या माणसाजवळ एकेचाळिसाव्या महिन्यात मोडायला काही नसतं.

इथवर आल्यावर भाच्याला 'सरळ विकत घे' असं सांगायला मी फोन हातात घेतला होता. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांमुळे तो खाली ठेवला.

त्यांनी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही घेतली. दर रविवारी सकाळी बादली, शाम्वाचा कपडा आणि जुना टूथब्रश घेऊन खाली उतरतात. चाकाच्या नटांमधली माती टूथब्रशने काढतात. गाडी आजही शोरूममधून आणल्यासारखी आहे. परवा त्यांनी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला बोलावलं. मी गॅलरीतून बघत होतो. व्यापाऱ्याने बॉनेट उघडलं नाही, पत्र्यावरून हात फिरवला नाही, खाली वाकून बघितलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "साहेब, तीसवाली का?" आणि उत्तर ऐकून खिशातल्या मोबाइलवर एक आकडा दाखवला. गृहस्थ कपडा पिळत उभे राहिले.

'तीसवाली' म्हणजे ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी. जानेवारी २०२० मध्ये ती गाडी सुरुवातीच्या १३.९९ लाख रुपयांत आली, एका चार्जमध्ये ३१२ किलोमीटरचा दावा घेऊन. (दावा आणि खंबाटकी घाट यांचं जमत नाही, हे सगळ्याच गाड्यांचं.) सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच नावाची ४५ किलोवॅट-तासांची गाडी आली, ४८९ किलोमीटरच्या दाव्याने. तिची सुरुवातीची किंमतही १३.९९ लाखच. शोरूमची किंमत तीच, आणि बॅटरी जवळजवळ दीडपट. आमच्या गृहस्थांच्या गाडीचं यात काही बिघडलं नव्हतं. ती झिजली नव्हती. ती शिळी झाली होती.

माझं सगळं म्हणणं या दोन क्रियापदांत आहे. वस्तूची किंमत उतरायला दोन वाटा असतात. वस्तू वापराने झिजते: क्लच जातो, रिंगा जातात, गिअरबॉक्स कुरकुरतो. झीज बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. नीट वापरणाऱ्याची गाडी कमी झिजते. शिळेपणा मात्र बाहेरून येतो. आपण रात्री झाकून ठेवलेली गाडी सकाळी शिळी झालेली असते, कारण दूर कुठल्या तरी कारखान्यात बॅटरी स्वस्त झाली. लिथियम-आयन बॅटरीचा संच २०१० मध्ये दर किलोवॅट-तासाला हजार डॉलरांहून महाग होता. ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये तो सरासरी ११५ डॉलरांवर आला. शिळेपणा दिल्लीहूनही येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर उतरला, विजेच्या गाड्यांचा ५ टक्केच राहिला, आणि दोघींमधलं अंतर एका रात्रीत आक्रसलं. क्वचित उलटंही घडतं: अटल सेतूवरचा टोल विजेच्या गाड्यांना माफ झाला, तेवढी ती गाडी ताजी झाली.

जमाखर्चाच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे, घसारा. त्या शब्दात घासणं ऐकू येतं, शिळं होणं ऐकू येत नाही. तक्ता करणारे तिथेच फसतात. पेट्रोलच्या गाडीत शिळेपणा इतका सावकाश यायचा की तो झिजेत मिसळून गेला तरी चालत होतं. दहा वर्षांपूर्वीची चांगली ठेवलेली गाडी आजही त्याच पंपावर तेच काम करते. विजेच्या गाडीत प्रमाण उलटलं आहे. ऑइल नाही, क्लच नाही, उतारावर मोटरच गाडी आवरते म्हणून ब्रेकही कमी खातात. बॅटरी थोडी झिजते हे खरं, पण त्यासाठी कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. लोक नेमकं तेच विचारत बसतात: बॅटरी गेली तर? हमी आहे. गाडी शिळी झाली तर? याची हमी सहसा कोणी देत नाही. भाच्याच्या करारातल्या दीड पानात न सापडणारी गोष्ट हीच होती. झिजेचा एकेक पोचा मोजला होता आणि शिळेपणाचा शब्द नव्हता. कारण शिळी गाडी परत घेऊन विकायची डोकेदुखी लीज कंपनीने मुकाट्याने आपल्याकडे घेतली होती.

मुकाट्याने, पण फुकट नव्हे. लीजचं भाडं बसवताना गाडीची आजची किंमत आणि मुदतीनंतरची अंदाजी किंमत यांतला फरक महिन्यांवर वाटतात, वर व्याज आणि नफा. विजेच्या गाडीची नंतरची किंमत कोणालाच धड सांगता येत नाही, म्हणून कंपनी ती कमी धरते आणि भाडं चढतं. तक्ता म्हणतो 'लीज महाग'. ती हप्त्याच्या शेजारी ठेवली म्हणून महाग दिसते; ठेवायला हवी विम्याच्या शेजारी. आगीचा विमा काढून घर जळलं नाही म्हणून कोणी हळहळत नाही. आणि हा विमा घेणाऱ्याचीही धडगत नसते. हर्ट्झ ही अमेरिकेतली भाड्याच्या गाड्यांची बलाढ्य कंपनी; तिने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या वीस हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या आणि त्यांच्या घसाऱ्यापोटी साडेचोवीस कोटी डॉलर खर्ची टाकले. जे तिला पेललं नाही ते आमच्या गृहस्थांनी टूथब्रशने सांभाळायचं होतं.

बॅटरीच्या किमती उद्या थबकल्या तर माझा युक्तिवाद लंगडा पडेल, हे कबूल. पण करार ओळखायची कसोटी तेव्हाही हीच राहील: शिळेपणा कोणाच्या खात्यावर? ती लावली की दिसायला सारखे करार वेगळे पडतात. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीने विंडसर आणली ती दोन किमतींनी. बॅटरीसकट १३.५० लाख, किंवा ९.९९ लाख आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. फरक ३.५१ लाखांचा, साडेतीनने भागलं तर साधारण एक लाख किलोमीटर. ही लीज दिसते, पण भाडं कशाचं आहे बघा. किलोमीटरचं, म्हणजे झिजेचं. गाडी तुमच्याच नावावर, म्हणजे शिळेपणा तुमच्याच माथी. त्यात काही वित्तसंस्थांनी दरमहा किमान १,५०० किलोमीटरची अट घातली, म्हणजे गाडी हलो न हलो, सव्वापाच हजार द्यायचे. आपल्याकडे जमीन कसायला देण्याचे दोन प्रकार जुने आहेत. वाट्याने दिली तर पाऊस दोघांचा. खंडाने दिली तर पाऊस पडो न पडो, खंड ठरलेला. कूळकायद्याच्या इतिहासात जायची गरज नाही, गावाकडच्या कोणालाही विचारा. किलोमीटरचं भाडं वाट्यासारखं दिसतं आणि किमान अटीने खंड होतं.

त्याच गाडीवर कंपनीने तीन वर्षांनी ६० टक्के किमतीला परत घेण्याची योजनाही जाहीर केली होती. ती मला बॅटरीच्या भाड्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक लीज वाटते, जरी तिला लीज म्हणत नाहीत. तिथे शिळेपणाला आकडा लावून कंपनीने तो स्वतःच्या खात्यावर घेतला. उलट बॅटरीची आजन्म हमी, जिचा एवढा गाजावाजा होतो, ती पहिल्या मालकापुरती आहे. म्हणजे झिजेची हमी. विकायला काढली की दुसऱ्या मालकाच्या हाती येताना गाडी आणखी थोडी शिळी.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे अठ्ठेचाळीसच्या ऐवजी छत्तीस महिन्यांचं घेऊ?" छत्तीसचं भाडं महिन्याला बरंच जास्त बसत होतं. मी म्हटलं, जास्त का बसतं ते त्यांना विचार. त्याने विचारलं. पलीकडच्या मुलाने आधी "सर, ते सिस्टिमच काढते" असं सांगितलं, मग वरिष्ठांना विचारून दोन दिवसांनी मेल पाठवला. त्यात छत्तीस महिन्यांनंतर गाडीची किंमत किती धरली आहे तो आकडा होता.

भाच्याने तो आकडा मला वाचून दाखवला आणि छत्तीसवर सही केली. दारावरच्या पोच्याचं दीड पान त्याने अजून वाचलेलं नाही.